एक गरीब पाहिजे

पॅसिफिक महासागरातल्या तोकेलाउच्या एका बेटावर एकही गरीब माणूस नाही, ही बाब राजधानीतल्या खात्याच्या लक्षात आली आणि बेटावरची नर्स काढून घ्यायचं ठरलं. नर्स दुर्गम व गरीब वस्तीसाठी मंजूर होती. दुर्गमपणाबद्दल वाद नव्हता. सामोआतल्या आपिया बंदरातून निघालेली बोट पोचेल तेव्हा खरी. गरिबी मात्र कुठे आढळत नव्हती. तपासणीला आलेले हॅलिडेसाहेब पुढच्या बोटीने परतताना नर्सला सोबत नेणार होते.

हे कळलं तशी म्हातारी तेलेसिया हातातली चटई टाकून उठली. तिच्या नातीला, फिलोमेनाला, नववा लागत होता, आणि पोर पोटात आडवं होतं.

"साहेब, गरीब म्हणजे नेमका कसा लागतो तुम्हाला?"

"ज्याच्या चुलीवर आज मासा नाही, असा. एक मिळाला तरी चालेल."

"मासा नाही कसा? वाटणी होते ना."

अडचण तीच होती. होड्या लागल्या की सगळे मासे वाळूवर ओतायचे आणि माणशी सारखे वाटे घालायचे, ही तिथली पूर्वापार रीत. तिला इनाती म्हणत. विधवा असो, आजारी असो, होडीला कधी हात न लावलेला ऐदी असो, वाटा सुटत नसे. खात्याच्या भाषेत ही 'वितरणातील गंभीर त्रुटी' होती.

पंच बसले. "कुणीतरी गरीब व्हायला हवं," वडीलधारे पेनेहुरो म्हणाले.

"मी होते की," तेलेसिया म्हणाली. "या वयात दुसरं काय जमणार मला?"

तिचा वाटा रीतसर बंद झाला. संध्याकाळी शेजारीण आली. "आजी, गरीब झालात म्हणे. हा एवढा मासा ठेवा." पाठोपाठ दुसरी निरफणस घेऊन आली, तिसरी नारळ. आठवडाभरात तेलेसियाच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. साहेबांनी तिला 'सधन' ठरवलं.

"मग पाळीपाळीने गरीब होऊ," पेनेहुरोंनी सुचवलं. "गरिबीचीही इनाती घालू." सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. साहेबांनी शांतपणे समजावलं, की सारखी वाटली तर ती गरिबी खात्याला ग्राह्य नाही.

तेलेसिया टेकीला आली. "तुमच्या गावात आहेत ना गरीब?"

"भरपूर."

"मग त्यांना तसं ठेवता कसं? शेजारी काही आणून देत नाहीत?"

साहेब विचारात पडले. यावर खात्याने कधी मार्गदर्शन केलं नव्हतं. "त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही," ते म्हणाले. "रोज त्यांच्यासमोरून जायचं. फक्त बघायचं नाही."

गावाला हे फार जड गेलं. पहिल्या दिवशी जो तो तेलेसियाच्या दाराशी येऊन हसू लागला. पेनेहुरो आभाळाकडे बघत जाताना नारळाला अडखळून पडले, आणि त्यांना उठवायला तेलेसियाच धावली. बायका खोटी खोटी घाई करू लागल्या. हळूहळू ती घाई खरी झाली. एका सकाळी तेलेसियाची चूल थंड दिसली, आणि साहेबांनी समाधानाने नर्स कायम केली.

फिलोमेना नर्सच्या हाती सुखरूप सुटली. मुलगी झाली. बाळाला घेऊन सगळं गाव चर्चकडे निघालं, तेलेसियाच्या दारावरूनच.

"फिलो, दाखव गं मला," म्हातारीने हात पुढे केले.

मुद्दाम कुणीच काही केलं नाही. माणसं बोलत बोलत पुढे गेली.

बोट लागली होती. "साहेब, आता आम्ही मागासलेले नाही ना?" पेनेहुरोंनी निरोप देताना विचारलं.

"छे, आता तुम्ही आमच्यातलेच," साहेब म्हणाले.

बेटाला हे जमायला महिना लागला. आपल्याला किती वेळ लागला होता, ते आता कुणाला आठवतही नाही.