हसण्यानंतरचा श्वास

डोमाभाऊ कॉम्प्युटरसमोर बसण्यापूर्वी चपला बाहेर काढतात, टेबलाला हात लावून नमस्कार करतात आणि मग राक्षसाच्या हातून मरतात.

ते आमचे शेजारी. वय सदुसष्ट. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत तीस वर्षं खलनायक होते. आता गुडघ्यांमुळे कामं मिळत नाहीत. माझा मुलगा निखिल शिकायला नागपूरला गेला आणि त्याच्या कॉम्प्युटरवरचा तलवारीचा गेम भाऊंच्या हाती लागला. बाकीचे सगळे टप्पे त्यांनी पार केले. अडले ते शेवटच्या राक्षसापाशी. दिवाळीत निखिल कॉम्प्युटर घेऊन जाणार होता. त्याआधी राक्षस पाडायचाच, असं भाऊंनी मनावर घेतलं. रोज चार वाजता हजर.

मला याद्या करायची सवय आहे. त्यांच्या मरणांचीही केली. एकूण अठ्ठावन्न. त्यातली चाळीस एकाच कारणानं: राक्षस डायलॉग बोलतोय आणि भाऊ तलवार खाली धरून उभे.

"भाऊ, तो बोलता बोलताच मारते. तुमी थांबता काऊन?"

"बाई, दुसऱ्याचं वाक्य संपल्याबिगर तलवार काढाची नाई. स्टेजचा नियम हाये."

"त्याले कुठी मालूम आहे नियम?"

"म्हणून आपणबी सोडाचा का?"

ते खेळवत त्या हिरोवर त्यांचा राग. गेममध्ये तो सतत पाठमोरा दिसतो. "अर्धा खेळ झाला, यानं लोकाईले तोंड नाई दाखवलं! याले घेतलं कोणं?" राक्षसाचं मात्र कौतुक. "एन्ट्री पाहा त्याची! पायऱ्या कशा उतरून राह्यला. काही घाई नाई."

निखिल यायच्या आदल्या दिवशी भाऊ मान तिरकी करून राक्षसाचं हसणं ऐकत होते. "हा लय लांबवते," ते पुटपुटले. "एवढं लांबवलं का मंग श्वास घ्याच लागते. मी तीस वर्षं हसलो, मले मालूम हाये."

पुढच्या खेपेला राक्षस बोलत असताना ते नुसते बाजूला होत राहिले. "सरकाले मनाई नाई," मला म्हणाले. वाक्य संपलं, हसणं संपलं, राक्षसाचे खांदे वर गेले आणि भाऊंनी बटण दाबलं. तीनदा. राक्षस पायऱ्यांवरून गडगडत खाली आला.

मी टाळ्या वाजवल्या. भाऊ पडद्याकडे वाकले होते.

"लागलं का गा?" त्यांनी हळूच विचारलं.

मला हसू आलं. त्यांना नाही.

"मले कोणी इचारलं नाई कधी," ते म्हणाले. "रोज पडलो. पडदा पडला का सारे हिरोच्या मांगं. मी एकटाच तोंडाचा रंग पुसत बसो."

दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटक होतं. सत्काराची यादी बारा वर्षं मीच करते. हार किती, नारळ किती, सगळं लिहिलेलं असतं. खलनायक त्यात कधी नव्हता.

मी चहा ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, पडताना लागत असन ना?"

त्यांनी पायजमा वर घेतला. "हे मूल गावच्या नाटकातलं." मग दुसरा गुडघा. "हे आलापल्लीचं. फळी मोडली होती." मग बाही सारून कोपर पुढे केलं. लांब, पांढरा व्रण होता.

"आन् हे आपल्या मंडईचं, बाई. तुमी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या."