बारा कोलाच आणि न थांबलेली गाडी

शाळेच्या व्हरांड्यात नववीतल्या कार्लीचा तक्ता लागला आणि तासाभरात एमिल वोंड्रा दारात हजर झाला. एमिल म्हणजे शाळा समितीचा अध्यक्ष, आणि वर्षातून एक दिवस साऱ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष. शंभरेक वर्षांपूर्वी खऱ्या राष्ट्राध्यक्षांची आगगाडी अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या या टीचभर गावात थांबली आणि बोझेना नावाच्या पोरीच्या हातचे, आलुबुखाराचा मुरंबा भरलेले गोल पाव, म्हणजे कोलाच, त्यांनी मिटक्या मारत खाल्ले, असं गाव सांगे. म्हणून दर सप्टेंबरात कोलाचांची जत्रा. त्या दिवशी राष्ट्राध्यक्षांचं सोंग घेऊन, उंच टोपी घालून, ट्रॅक्टरच्या गाड्यावर उभं राहून पहिला कोलाच खायचा मान बावीस वर्षं एमिलचा होता.

इतिहासाच्या लुडमिलाबाईंनी नववीच्या वर्गाला एवढंच सांगितलं होतं, की आपलं गाव देशाच्या इतिहासाला कुठे जाऊन मिळतं ते शोधा. पुस्तकात या भागाला दीड ओळ दिली होती, याचा बाईंना जुना राग होता. कार्लीने रेल्वेच्या संग्रहालयाला पत्र धाडलं आणि आलेलं उत्तर तक्त्यावर डकवलं. गाडी थांबलीच नव्हती.

"काढा ते," एमिल बाईंना म्हणाला. "जत्रा तोंडावर आलीय."

"खोटं आहे असं दाखवा, आत्ता काढते."

"बाई, तुमची नेमणूक वर्षावर्षाची. सोमवारी कागद माझ्यापुढे येतोय, विसरू नका."

"येऊ दे की. मीही येते. तक्ता घेऊनच येते!"

बाईंनी मनात हिशेब केला. नोकरी गेली तर दुसरी शाळा साठ मैलांवर. पण कार्ली मागे उभी राहून ऐकत होती, आणि तिच्यादेखत तक्त्याचे खिळे उपटण्यापेक्षा नोकरी गेलेली बरी, असं त्यांना मनापासून वाटलं.

एमिल पुरावा शोधायला गेला आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. सोमवारच्या सभेत त्याने दोन पुरावे आणले. एक, नगरभवनातल्या काचेच्या कपाटातलं बोझेनाचं पत्र्याचं ताट. दुसरा, बोझेनाची नव्वदीतली लेक, रोझी आजी.

"आजी, सांगा यांना. ताट हेच ना?"

"हेच."

"झालं! मिटला वाद!"

"मग काठ का चेपलाय?" बाईंबरोबर आलेल्या कार्लीने विचारलं.

"गाडीच्या मागच्या डब्याच्या कठड्यावर आदळला," आजी म्हणाल्या. "शेवटी आईने ताटच भिरकावलं."



"भिरकावलं?" एमिलचा आवाज चिरकला.

"आधी बारा कोलाच. एकेक करून, नेम धरून. नऊ लागले."

"पण का?"

"बायकांना मताचा हक्क हवा होता. हा साहेब गावोगाव सांगत फिरायचा, बायांनो, जरा थांबा. स्वतःची गाडी मात्र थांबवत नव्हता. मग माझी आई कशाला थांबेल?"

कार्लीने घाईघाईने संग्रहालयाच्या उत्तराचं दुसरं पान काढलं. ते आजवर कोणी धड वाचलं नव्हतं. "पुढच्या स्टेशनात मागचा डबा धुतला," तिने वाचलं. "कारण, मुरंबा."

"आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प राहिलात?" एमिल कळवळून म्हणाला.

"बावीस वर्षं तू मला पीठ किती न् लोणी किती, एवढंच विचारलंस. बाकीचं विचारलं कोणी?"

बाईंनी तक्ता टेबलावर उभा केला आणि शेजारी नेमणुकीचा कागद ठेवला. समितीतले सगळे हात वर गेले. एमिलचा सगळ्यात शेवटी गेला, पण गेला.

"मग जत्रेत मी काय करू?" तो पुटपुटला. "यंदा कोट नवा शिवलाय."

"राष्ट्राध्यक्ष तूच," आजी म्हणाल्या. "गाड्यावर उभा राहा. तोंड तेवढं मिटून घे."

त्या वर्षी बायकांची रांग चर्चपासून धान्याच्या कोठारापर्यंत गेली. प्रत्येकीच्या हातात बारा बारा कोलाच होते. एमिल टोपी सावरत गाड्यावर चढला आणि त्याने खाली पाहिलं. रांगेत पहिली त्याचीच बायको होती, आणि ती बाह्या सरसावत होती.

"अगं, जरा थांब!" एमिल ओरडला.

हे त्याने म्हणायला नको होतं.