नावाचं माप

दगडू मास्तर बँडवाल्याच्या छातीचं माप घेण्याआधी नावाचं माप घेतात. त्या माणसाच्या नावाचं नाही, त्याच्या बँडच्या नावाचं.

युसूफ वडगावच्या स्टँडसमोर मास्तरांचं शिलाईचं दुकान आहे आणि त्याला लागून माझा फोटो स्टुडिओ. लग्नसराई तोंडावर आली की आजूबाजूच्या गावांतले बँडवाले लाल कोट आणि सोनेरी झालरी शिवून घ्यायला येतात. कोटाच्या पाठीवर बँडचं नाव जरीनं काढायचं असतं. दुसरा कोणी टेलर असता तर रंग विचारून टेप काढून मोकळा झाला असता. मास्तर चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "आधी वाजवा. नाव अंगाला येतंय का बगू."

नवीन माणसाला वाटतं, गंमत चालली आहे. मास्तर मशीनवरून उठतच नाहीत म्हटल्यावर तो बिचारा पिशवीतून ट्रम्पेट काढतो आणि भर दुपारी रस्त्यावर वाजवायला लागतो. एकदा तर निघालेली एसटी थांबवून कंडक्टरनं डोकं बाहेर काढलं आणि लग्न कोणाचं हाय म्हणून विचारलं. मास्तरांनी त्याला हातानंच गप केलं.

मग निकाल लागतो, आणि तोही टेलरच्याच भाषेत. केजच्या बाजूचा एक गोल्डन ब्रास बँड आला होता. मास्तर म्हणाले, "खांद्यात उतरतंय. नाव मोठं, अंग बारीक." सम्राट नावाची एक बँजो पार्टी आली, सगळी मिसरूड फुटलेली मुलं. त्यांचं ऐकून मास्तर खूश झाले. "वाढत्या अंगाचं शिवलंय. असू द्या, भरंल हळूहळू." नावाच्या आधी कोणी 'न्यू' लावलं की मास्तरांची चौकशी संपत नाही. जुना कुठं गेला? त्याच्यात काय खराबी होती? एका न्यू बँडचा मालक माझ्या वडिलांच्या वयाचा निघाला आणि त्याला स्वतःलाच उत्तर देता येईना.

सगळ्यात मोठा खटका उडाला तो शांती साउंडशी. डीजेवाल्यांनाही आता एकसारखे शर्ट लागतात, म्हणून त्यांचा मालक आला होता. त्यानं दुकानासमोर गाडी उभी करून नुसता आवाज तपासला, तर माझ्या स्टुडिओतल्या चार फ्रेमा भिंतीवरून खाली आल्या.

"ह्याला शांती कावून म्हणतोस बे?" मास्तर ओरडले.

"मास्तर, आईचं नाव हाय ते."

"मग आईला जवळ बसवून ऐकव येकदा. ती म्हणली तर शिवतो."

तो रागारागानं केजला गेला आणि तिथून त्यानं शर्ट शिवून आणले. फ्रेमांची भरपाई मला अजून कोणी दिलेली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो.

मास्तरांचे कान फार तयार आहेत असा समज करून घेऊ नका. ते पुष्कळदा सपशेल चुकतात. नेकनूरकडचा तुफान बँड त्यांच्याकडे आला. वाजवणं इतकं संथ की नवरदेवाचा घोडासुद्धा पेंगावा. मास्तरांनी त्यांना पटवून पटवून नाव बदलायला लावलं आणि पाठीवर हौसेनं 'झुळूक ब्रास बँड' असं काढून दिलं. त्या सराईत त्यांना एक सुपारी मिळाली नाही. शेवटी मालक कोटांचं गाठोडं घेऊन परत आला. "मास्तर, झुळूक म्हणल्यावर कोण नाचंल वो?" मास्तरांनी मुकाट्यानं टाके उसवले आणि परत तुफान काढून दिलं. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, कारण मी हसत होतो.

ह्या सगळ्यात माझाही हात आहेच. मी लग्नं शूट करतो, त्यामुळे तालुक्यातले सगळे बँड माझ्या कॅमेऱ्यात आणि मोबाईलवर येतात. मी लग्नाहून आल्या आल्या मास्तर मोबाईल मागतात, कानाला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. नवरी कशी होती, जेवण काय होतं, कशाशी देणंघेणं नाही. नाव बसतं की नाही, एवढंच. नुसत्या नावासाठी एवढा जीव कशाला टाकायचा, हे मला कळत नसे. मी खोदून खोदून विचारायचो आणि ते दोऱ्याचं टोक दातांऐवजी कात्रीनं तोडत दुसरंच काहीतरी बोलायचे.

मागच्या वर्षी मी घाटनांदूरचं एक लग्न शूट करून आलो. मोबाईल पुढे केला आणि म्हणालो, "जिगरी ब्रास बँड होता."

मास्तरांनी मोबाईल हातात घेतलाच नाही. "ते नगं," म्हणाले.

"का?"

"नगं म्हणलं ना."

संध्याकाळी मी काकूंना, म्हणजे मास्तरांच्या बायकोला, गाठलं. काकूंना कोणी विचारायचाच अवकाश असतो.

"आवो, तो ह्यांचाच बँड हाय की," काकू म्हणाल्या. "ह्यांचा आन लिंबाजी भावजींचा. दोघांनी मिळून काढला. हे क्लारनेट वाजवायचे, भावजी ट्रम्पेट. ट्रम्पेटनं इचारायचं आन क्लारनेटनं उत्तर द्यायचं, अशी येक चाल बसवली होती दोघांनी. लोकं लगीन सोडून ऐकत उभे ऱ्हायचे. लोकांनीच नाव देलं, जिगरी."

मग एका वरातीत फटाक्यांना बिचकून घोड्यानं मान झटकली, क्लारनेट मास्तरांच्या तोंडावर आदळलं आणि पुढचे दात गेले. तोंड सुजून मास्तर घरात पडलेले असताना त्यांच्याच दारावरून जिगरी बँड वाजत गेला. क्लारनेटवर दुसराच माणूस होता. सुपारी घेतलेली होती, लग्न कोणासाठी थांबणार? हे मास्तरांनाही कळत होतं. पण लिंबाजी ना त्या दिवशी घरात आला, ना नंतर. मास्तरांनी क्लारनेट विकून टाकलं, सासुरवाडीला म्हणजे आमच्या वडगावात आले आणि सासऱ्यांच्या मशीनवर बसले.

"येकटाच वाजवतो आन नाव जिगरी लावतो, म्हणतेत," काकू म्हणाल्या. "तेवढंच लागलंय त्यांच्या मनाला."

त्यानंतर मास्तरांची थट्टा करायला माझी जीभ पहिल्यासारखी वळेना. हा माणूस सगळ्या तालुक्याची नावं तपासत होता आणि त्याला दुखत होतं ते एकच नाव त्यानं कधी तपासायला घेतलं नव्हतं.

यंदा सराईच्या तोंडावर मी मास्तरांकडे चहा पीत बसलो होतो. एक जाडजूड म्हातारा पायरीवर येऊन उभा राहिला. काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. मास्तरांनी वर बघितलं आणि त्यांचा पाय मशीनवरच थांबला. आतून काकू डोकावल्या आणि "अगं बाई, भावजी!" म्हणून तिथेच उभ्या राहिल्या.

"कोट शिवायचेत," लिंबाजी म्हणाले.

"नाव?" मास्तरांनी खाली बघतच विचारलं.

"त्याच्यासाठीच आलोय. पोरगं म्हणतंय जिगरी जुनं झालं, किंग ठिवा. मला काय सुदरंना. तू समद्यांची नावं तपासतोस म्हणं. आमचंच ऱ्हायलंय तेवढं. नाव बसत न्हाई म्हण, आजच काढून टाकतो."

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. मग म्हणाले, "वाजव."

लिंबाजींनी कापड सोडलं आणि ट्रम्पेट ओठाला लावलं. वय झालेलं असलं तरी फुंक भरदार होती. एक ओळ वाजवली, शेवट प्रश्न विचारल्यासारखा वर नेला आणि ट्रम्पेट खाली घेऊन गप्प उभे राहिले. मला वाटलं, दम लागला. तेवढ्यात त्यांनी पुढची ओळ उचलली, ती संपवली आणि पुन्हा तसेच थांबले. स्टँडवरची माणसं बघायला लागली.

"मधी थांबतोस कावून?" मास्तरांनी विचारलं.

"ती तुजी जागा हाय."

"क्लारनेटवाले हायत की तुज्याकडं."

"लई आले. बाकीच्या गाण्यात वाजवतेत. ह्या चालीत त्यायला गप उभं करतो. वऱ्हाडी मला शिव्या देतेत, अर्धंच वाजवलं म्हणून." लिंबाजींनी तोंड पुसलं. "त्या दिवशी तुज्या दारावरून वाजवत गेलतो, दगड्या. मंग तोंड दाखवायची लाज वाटली. येक दिवस गेला, मंग वरीस गेलं, मंग कसं यावं तेच कळंना."

मास्तर मशीनवरचं कापड उगाच सारखं करत राहिले. लिंबाजींनी काय करावं ते न सुचून पुन्हा ट्रम्पेट उचललं आणि पहिली ओळ वाजवली. ते थांबले, आणि मास्तर तोंडानं गायला लागले. शब्द नव्हते, नुसती क्लारनेटची ओळ. पुढचे दात नसल्यामुळे अर्धा सूर आणि अर्धा वारा बाहेर येत होता. एरवी मी खो-खो हसलो असतो. त्या दिवशी मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. काकू तर पदर डोळ्याला लावून दारात उभ्या होत्या. ट्रम्पेट विचारत गेलं, मास्तर उत्तर देत गेले, आणि चाल शेवटापर्यंत पुरी झाली.

"थोडं चुरगळलंय," शेवटी मास्तर म्हणाले. "पन अंगाला येतंय. ऱ्हाऊ दे जिगरीच."

मग गळ्यातली टेप काढून त्यांनी लिंबाजींच्या पोटाभोवती घातली. ती पुरता पुरता पुरली.

"एवढं पोट कवा सुटलं बे?"

"तू होतास का बगायला?"

मास्तरांनी आकडा फळीवर खडूनं लिहिला आणि टेप माझ्या हातात दिली. दोन्ही हात पसरून माझ्यासमोर ताठ उभे राहिले. "हं फोटोवाले, आता माझं घ्या."

"तू काय वाजवणार?" लिंबाजी म्हणाले. "तोंडात दात न्हाईत तुज्या."

"खुळखुळा वाजवीन," मास्तर म्हणाले. "त्याला कुठं दात लागतेत?"