बापूरावांची कुर्ला-अंधेरी

आमच्या अंधेरीच्या चाळीतल्या बापूराव चौबळांची गाडी वेळेवर पोचली की ते चिडतात आणि तिला परत कुर्ल्याला पाठवतात. "वेळेवर आली तर ती कुर्ला-अंधेरी कसली?" असं त्यांचं म्हणणं.

ही गाडी त्यांच्या पलंगावर धावते. गादी काढून फळ्यांवर रूळ टाकलेत; बापूराव स्वतः खाली चटईवर झोपतात. डबे सिगारेटच्या टिनांचे, इंजिनात मोडक्या ग्रामोफोनची स्प्रिंग. शिट्टी मात्र बापूराव तोंडाने देतात. कचेरीत हेडक्लार्क असलेला माणूस गाल फुगवून "कूऽऽ" करतो, तेव्हा हसू दाबणं फार जड जातं.

खरी कुर्ला-अंधेरी गाडी चौतीस साली बंद पडली, त्याला आता वीसेक वर्षं झाली. चालू होती तेव्हा लोक तिला शिव्या घालत. मग ती बंद पडली, रूळ उखडले, मधल्या शेतांवर विमानतळ पसरला, आणि तीच गाडी एकदम सगळ्यांची लाडकी झाली. हल्ली रविवारी घाटकोपर-मुलुंडहून लोक ती पलंगावर बघायला येतात. एकदा एका चिंचेवरून दोन पेन्शनर हमरीतुमरीवर आले. चिंच रुळाच्या डावीकडे की उजवीकडे, एवढाच वाद. बापूराव बिचारे पलंगावरचं चिंचेचं चिमुकलं झाड उपटत आणि लावत राहिले.

येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा एकच प्रश्न. "खिडकीतून काय दिसायचं?"

"अहो, ते तुम्हीच सांगा की," मी एकदा म्हटलं.

"मी कुठे बसलोय त्या गाडीत! ही बसायची."

वहिनी कुर्ल्याच्या शाळेत शिकवायच्या. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. रोज संध्याकाळी घरी आल्या की वाटेत काय काय दिसलं ते सांगायच्या, आणि बापूराव वर्तमानपत्रात डोकं घालून "हं, हं" करायचे. त्यातलं आता एक अक्षर आठवत नाही, म्हणून ही सगळी चौकशी.

गेल्या रविवारी त्यांनी हिराबायला गाठलं. हिराबाय वेसाव्याची कोळीण, आमच्या चाळीत मासळी घेऊन येते. त्या काळी ती कुर्ल्याला विकायला जायची आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायची. टोपली दाराशी ठेवून तिने पलंगावरच्या गाडीकडे पाहिलं, वहिनींना खिडकीतून काय दिसायचं हा बापूरावांचा प्रश्न ऐकला आणि खुदकन हसली.

"शालेतली बाय ना? ती कुठली खिडकीतून बघते! बसली का झोपली, माझ्या खांद्यावर. लई दमायची."

बापूरावांचा चेहरा उतरला. "मग मला रोज सांगायची, ते?"

"ते माझ्याकडनं. अंधेरी आली का उठवायची मी तिला. मंग म्हनायची, हिराबाय, सांग चटकन, आज काय काय दिसलं? घरी यांच्याशी बोलाया कायतरी पायजे."

मला फार वाईट वाटलं. कुठे बघावं तेही कळेना. बापूरावांनी खुर्ची ओढून हिराबायला बसवलं आणि स्वतः तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"सांग," ते म्हणाले. "अगदी कुर्ल्यापासून सांग. मी ऐकतोय."