जादा स्प्रिंग

गाडी चालू होत नसेल तर दोष गाडीचा नसतो, तिला समजून न घेणाऱ्या माणसाचा असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी गेली अकरा वर्षं आमच्या मोटारसायकलला रोज सकाळी किका मारता मारता बनवलंय. मी शाळेत भूगोल शिकवतो. अख्खी पृथ्वी कशी फिरते हे पोरांना समजावणाऱ्या माणसाला एक इंजिन फिरवायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी मी बायकोला जाहीरच करून टाकलं, "उद्या गाडी अर्ध्या किकमध्ये चालू होणार. मेकॅनिक नको, कोणी नको. मी करणार."

"तुम्ही फक्त तिला हात लावू नका," ती म्हणाली.

"मी नाही हात लावणार तर कोण लावणार?"

"तीच तर भीती आहे."

तिचं घाबरणं मी समजू शकत होतो. बायको नर्स आहे. चौदा किलोमीटरवरच्या दवाखान्यात तिला बढती मिळाली होती आणि तिकडे बस जात नाही. सोमवारी दुचाकीचं लायसन्स किंवा चाचणी पास झाल्याची चिठ्ठी दाखवली तरच रुजू होता येणार, नाहीतर ती जागा यादीतल्या पुढच्या बाईला. शनिवारी साडेदहाला चाचणी. आधीच्या चाचणीत बाईसाहेब अगदी तयार होत्या, पण गाडीच चालू झाली नाही. परीक्षकांनी बारा किका मोजल्या आणि कागदावर लाल फुली मारली. वास्तविक त्या दिवशी मी शेजारीच उभा होतो. शेवटच्या क्षणी एकेक बटण, एकेक खटका स्वतः तपासून दिला होता. तरी हे झालं, म्हणजे दुखणं गाडीच्या पोटात खोल कुठेतरी होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता मी पाने, स्क्रूड्रायव्हर आणि जुनं बनियन घेऊन खाली उतरलो.

आमच्या इमारतीमागे पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात एकच गाडी मावते. या एका जागेवरून वरच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांचं आणि माझं आठ महिने बोलणं बंद होतं. घड्याळवाले म्हणजे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांची गाडीही आमच्यासारखीच, काळी, त्याच सालातली. त्यात एकदा दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून दोन्ही घरांनी सारखीच राखाडी कव्हरं घेतली होती. पण जागा मी जिंकली होती. शेडमध्ये आमची गाडी, उन्हात त्यांची.

मी कव्हर काढलं, किल्ली फिरवली आणि किक मारली. काही नाही. वीस किका मारल्या. गाडी साधी खोकलीसुद्धा नाही. काल संध्याकाळी बायको हिच्यावर सराव करून आली होती, मग एका रात्रीत हिला झालं काय?

मग दिसलं की डावा आरसाच नाही. सीटलाही एक चीर. मला सगळा उलगडा झाला. सरावात पडली बिचारी, आणि बोलली नाही. चाचणीच्या दिवशी विषय काढायचा नाही, असं मी मोठ्या मनाने ठरवून टाकलं. बाजूची पेटी उघडली तर आतली हत्यारं फडक्यात उंचीप्रमाणे लावून ठेवलेली. ही शिस्त मात्र बायकोचीच. ऊर भरून आला.

प्लग काढून पुसला. टाकीतलं पेट्रोल हुंगलं, त्याला शिळा वास येत होता. ते बाटलीत काढलं. शेवटी कार्ब्युरेटर उघडायला घेतला, तोच मागे कोणीतरी खाकरलं.

घड्याळवाले उभे होते. मी सावध झालो. म्हटलं, झालं, आता हे सकाळी सकाळी जागेचं काढणार.

ते गाडीकडे बघत राहिले. मग माझ्या काळ्या हातांकडे. मग म्हणाले, "तुम्ही... स्वतः करताय?"

"मग कोणाची वाट बघायची?" मी जरा तोऱ्यातच म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग वर गेले आणि दोन कप चहा घेऊन आले. आठ महिन्यांनी! शिवाय वर्तमानपत्र पसरून माझ्यासमोर मांडीच घालून बसले. मला कळेना, याच्या डोक्यात काय आहे? गाडी बिघडल्याचा आनंद म्हणावा तर चेहरा भलताच हळवा.

"नवीन प्लग मी आणतो," ते म्हणाले.

"छे छे, तुम्ही कशाला?"

"एवढं तरी करू द्या मला."

आणि खरंच आणला. पैशाची गोष्ट काढली तर कानांना हात लावले. इतका सज्जन माणूस आणि मी याच्याशी एका पत्र्यासाठी भांडलो, या विचाराने माझी मलाच लाज वाटली. मी पुटपुटलो, "मागचं सगळं विसरून जा."

"कधीच विसरलो," ते म्हणाले, आणि परत चष्मा पुसला.

कार्ब्युरेटर सोडवताना बारीकसारीक तुकडे ओळीने कागदावर मांडले ते त्यांनीच. एका पितळी भोकात कचरा अडकला होता, तो त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळाच्या सुईने काढला. मी देखरेख केली.

साडेनऊला वरून बायकोची हाक आली, "अहो, वेळ झाली."

"पाचच मिनिटं!"

"तुमची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत."

थोड्या वेळाने फाटकापाशी कोणाची तरी गाडी चालू झाली. अर्ध्या किकमध्ये! मी हातातला स्क्रू खाली ठेवला आणि घड्याळवाल्यांना म्हणालो, "ऐकलंत? याला म्हणतात निगा राखणं. नाहीतर आमचं बघा."

"होईल, होईल, हीसुद्धा होईल," त्यांनी मला धीर दिला.

सव्वादहाला कार्ब्युरेटर परत जोडून झाला. कागदावर एक छोटी स्प्रिंग उरली.

"ही राहिली वाटतं," घड्याळवाले म्हणाले.

"कंपनी एखादी जादा देते," मी म्हणालो आणि ती खिशात टाकली. त्यांनी मान डोलावली. घड्याळात असं देत नाहीत, एवढंच म्हणाले. नवं पेट्रोल ओतलं. घड्याळवाल्यांनी हँडलवरचा चोक हळूच बाहेर ओढला. हे चूक होतं, कारण कपाटाचा खण आणि चोक कधी उघडा ठेवू नये असा माझा नियम आहे. पण नवीनच जुळलेला शेजार, म्हणून मी गप्प बसलो.

अर्धी किक. गाडी चालू!

घड्याळवाल्यांनी मला मिठीच मारली. त्यांचा पांढरा सदरा माझ्या बनियनला लागून काळा झाला, तरी सोडेनात. मी त्यांना कसंबसं बाजूला करून बायकोला बोलवायला धावलो. वर दाराला कुलूप. बाहेरच्या खुंटीवरचं हेल्मेटही गायब. म्हणजे रागावून पायीच निघाली की काय? पण पायी जाताना हेल्मेट कशाला? आणि गाडीशिवाय चाचणी देणार कशावर? मला काही सुधरेना. मी तसाच खाली येऊन गाडीवर बसलो.

"जा, जा, मोठी फेरी मारून या," घड्याळवाले हात हलवत म्हणाले.

चाचणीच्या मैदानावर पोहोचलो तर समोर बायको गाडीवर बसून आठचा आकडा काढत होती. काळी गाडी. दोन्ही आरसे जागेवर. मागे आमच्या शाळेचं स्टिकर. मी तिच्या गाडीकडे बघितलं, मग माझ्या खालच्या गाडीकडे बघितलं, मग परत तिच्या. शेवटी उतरून खालच्या गाडीचा नंबर वाचला. अकरा वर्षांत स्वतःच्या गाडीचा नंबर मी कधी वाचला नव्हता, पण तो हा नव्हता एवढं कळलं.

पाय न टेकता बायकोने दोन आठ पुरे केले. परीक्षकांनी चिठ्ठीवर सही केली. ती चिठ्ठी घडी करून तिने छातीशी धरली आणि मग तिला मी दिसलो.

"तुम्ही घड्याळवाल्यांची गाडी घेऊन इथे कशाला आलात?"

"आपली गाडी शेडमध्ये होती ना?"

"नव्हती. सकाळी निघायला सोपं म्हणून मी काल ती फाटकाशी लावली. जागा रिकामी बघून त्यांनी त्यांची लावली असेल. ती बंदच पडलीये दोन महिने."

"पण माझी किल्ली लागली!"

"त्या कुलपाला चमचाही लागेल. आपली मी जादा किल्लीने आणली."

"आणि तुला वरून दिसत नव्हतं मी काय करतोय ते?"

"दिसत होतं की. म्हटलं, भांडण मिटवताय त्यांच्याशी. आपल्या गाडीचं कव्हर जसंच्या तसं होतं. इतकं बरं वाटलं, म्हटलं एकदाचं माझं ऐकलंत."

मी घड्याळवाल्यांच्या गाडीकडे बोट दाखवलं. "पण ती चालू कशी झाली?"

"चोक ओढून. थंड गाडीला चोक ओढायचा असतो. तुम्ही तो आत ढकलता. गेल्या वेळीही अगदी शेवटच्या क्षणी ढकललात."

"मग तू सांगायचं नाहीस का?"

"तीनदा सांगितलं. तुम्ही मला पृथ्वी कशी फिरते ते सांगितलंत."

घरी परतताना मी घड्याळवाल्यांना सगळं खरं सांगायचं ठरवलं होतं. बायकोने हात धरून थांबवलं. "आठ महिन्यांनी माणूस हसलाय. राहू दे." घड्याळवाले फाटकातच उभे होते. म्हणाले, "शेड आजपासून तुमची. मला उन्हात चालेल." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

सोमवारी सकाळी बायको पांढराशुभ्र गणवेश घालून, चिठ्ठी पर्समध्ये ठेवून खाली उतरली. मागोमाग मी. शेडमध्ये घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून बसले होते आणि त्यांच्यासमोर वर्तमानपत्रावर आमची गाडी ओळीने मांडलेली होती.

"तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत," ते म्हणाले. "आज वहिनींचा पहिला दिवस. म्हटलं, यांचीही आतून स्वच्छ करून द्यावी."

बायकोने माझ्या हातातून आमची किल्ली घेतली, घड्याळवाल्यांच्या गाडीला लावली, चोक ओढला, अर्धी किक मारली आणि वेळेवर कामावर गेली.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून आमची गाडी जोडली. एक स्प्रिंग उरली. घड्याळवाले म्हणाले, "जादा देतात, नाही का?" मी हो म्हणालो. आता दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून दोन घरांत मिळून एकच गाडी चालू होते. ती बायको नेते. शेडच्या जागेवरूनही आता भांडण नाही. तिथे सुट्टीच्या दिवशी घड्याळवाले आणि मी बसतो.