सासूबाई माझ्या अधिकृत प्रतिनिधी

"बघच तू! इथल्या खुर्चीवरून न उठता तिकडचा परवाना काढून दाखवते!" असं मी नवऱ्याला ठणकावून सांगितलं आणि त्याच दिवशी चालू नोकरीचा राजीनामा दिला. आत्मविश्वास म्हणतात तो हाच! आता तो शब्द ऐकला तरी माझं डोकं सणकतं.

मी दातांची डॉक्टर. लग्नानंतर आम्ही परदेशात आलो, मी इथली परीक्षा दिली, इथे नोकरी धरली आणि मायदेशातल्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. दंत परिषदेने माझं नाव यादीतून उडवलं. आता आम्हाला परत जायचं होतं. ज्यांच्याकडे मी पहिली नोकरी केली त्या डॉक्टरबाई निवृत्त होत होत्या आणि आपला चालता दवाखाना मला देत होत्या. "पण परवाना हातात घेऊन ये," त्या म्हणाल्या, "नाहीतर दुसरा एकजण टपून बसलाय, त्याला देईन."

परिषदेचा नियम तसा सोयीचा होता. अर्जदार परदेशात असेल तर त्याने अधिकृत प्रतिनिधी नेमावा.

"कोणाला नेमतेस?" नवऱ्याने विचारलं.

"आईंना."

"माझ्या आईला?" त्याचा घास हातातच राहिला.

"मग काय माझ्या? माझी आई लिफ्टमध्ये शिरली की कुठलं बटण दाबू म्हणून मला फोन करते!"

माझ्या सासूबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्यासमोर कुरियरवालासुद्धा शर्ट आत खोचून उभा राहतो. अशी बाई परिषदेच्या खिडकीशी गेली की कारकून थरथर कापत सही करणार!

"विचार कर," नवरा म्हणाला.

"केला."

"पुन्हा कर."

मी केला नाही.

आठवड्याभराने सासूबाईंचा फोन आला. "अगं, जाऊन आले परिषदेत."

"वा आई! पावती मिळाली?"

"पावती कसली? आधी त्यांचा अर्ज तपासला. छापील अर्ज, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा नुसता चिखल! लाल पेनाने सगळ्या चुकांना गोल केले, समासात शेरा लिहिला आणि साहेबांना म्हटलं, हा नीट छापून आणा, मग बोलू."

"आई... कोणाच्या अर्जावर?"

"तुझ्याच! दुसऱ्याच्या अर्जाला मी कशी हात लावेन?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सासूवर ओरडायचं कसं? "हो आई. बरं केलंत आई," म्हणत मी फोन ठेवला आणि नवऱ्याकडे वळले.

"मी काय केलं?" तो मागे सरकला.

"जन्माला आलास! त्यांच्या पोटी!"

अर्जात खाडाखोड म्हणून तो अर्ज बाद झाला. दुसरा भरला. तो घेऊन सासूबाई पुन्हा खिडकीशी गेल्या. कारकुनाने सहज विचारलं, "अर्जदाराने सलग काम केलंय ना?" या प्रश्नाला जगातला कुठलाही माणूस "हो" म्हणतो. मान हलवली असती तरी चाललं असतं!

"छे," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी झाल्यावर घरी होती. तशी लवकर कामावर जाऊ शकली असती, पण अंगात जरा आळस आहे."

कारकुनाने ते लिहून घेतलं! आळसासकट!

झालं. मधल्या काळाचा खुलासा द्या आणि ओळखीच्या प्रतिष्ठित व्यक्तीकडून वर्तणुकीचा दाखला आणा, असं फर्मान निघालं. खुलासा मी दातओठ खात लिहिला. दाखल्यासाठी सासूबाईंना म्हटलं, "आमच्या डॉक्टरबाईंकडे जा, त्या लगेच देतील."

"लोकांच्या दारात कशाला जायचं?" त्या म्हणाल्या. "जन्मभर मी दाखलेच तर दिलेत! तुझाही लिहिला आणि परिषदेत दिलासुद्धा नेऊन. ऐक, वाचून दाखवते. 'अर्जदार प्रामाणिक व कष्टाळू आहे. हात हलका आहे. बुद्धी चांगली.'"

मला भरून आलं. उगाच बोलत होते मी या माउलीला!

"'परंतु,'" सासूबाई पुढे वाचू लागल्या, "'स्वभाव तापट. चिडल्यावर समोर कोण आहे याचे भान राहत नाही. सुधारणेस वाव आहे.'"

"आई! तापट कशाला लिहिलंत?"

"नुसतं गोडगोड लिहिलेल्या दाखल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणि आत्ता ओरडतेयस की नाही तू?"

मी उशीत तोंड खुपसलं आणि जे काही बोलले ते फक्त उशीला माहीत!

ज्या व्यक्तीला भान राहत नाही तिच्या हातात टोकदार हत्यारं आणि समोर उघडं तोंड, या कल्पनेने परिषद हादरली. माझा स्वभाव तपासायला समितीने मला व्हिडिओवर बोलावलं. तिकडे डॉक्टरबाईंनी निरोप धाडला, "दुसरा माणूस दवाखान्याचे पडदे बघून गेला. रंग आवडला नाही म्हणाला. बदलणार म्हणतो!" माझे पडदे!

नवऱ्याने माझ्याकडून आरशासमोर हसण्याचा सराव करून घेतला. लॅपटॉपवर समितीचे तिघं बसलेले दिसत होते, आणि कडेच्या खुर्चीत, प्रतिनिधी म्हणून, सासूबाई.

"तुम्हाला राग येतो का?" अध्यक्षांनी विचारलं.

"छे हो!" मी सगळे दात दाखवले.

"ताठ बस," सासूबाई.

"पेशंट खूप उशिरा आला तर काय कराल?"

"समजून घेईन. माणूस आहे, होतो उशीर."

"केस मागे घे. आणि खोटं बोलू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "मागच्या सुट्टीत नळ दुरुस्त करणारा उशिरा आला, तेव्हा तू त्याला काय काय बोललीस! पाना टाकून पळाला बिचारा."

"आई, तुम्ही गप्प बसाल का!"

समिती दचकली. पण माझं धरण फुटलं होतं! "लाल पेन तुमचं! आळस तुमचा! म्हणजे माझा, पण सांगितलात तुम्ही! आणि अहो साहेब, तुम्ही! नोकरी सोडून बसलेय मी! माझं काम तपासा, माझी परीक्षा घ्या! राग कसला तपासताय? येतो मला राग! भयंकर येतो!"

एवढं बोलून मी लॅपटॉप असा आपटून मिटला की मुलगी शेजारच्या खोलीतून "भूकंप!" म्हणून ओरडत आली.

मग मी रडले. नवऱ्याने पाणी आणून दिलं आणि शहाण्यासारखा दाराबाहेर उभा राहिला. फोन वाजला. सासूबाई!

"मिळाला परवाना," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अध्यक्ष म्हणाले, दाखल्यातला 'तापट' शब्द डोळ्यांनी पाहिला. इतका खरा दाखला आजवर आला नव्हता. मग प्रामाणिक, कष्टाळू, हलका हात हेही खरंच असणार! शिवाय मी त्यांना सुनावलं, पोरगी नोकरी सोडून टांगणीला लागलीय आणि तुम्ही विचारता राग येतो का? तिच्या जागी मी असते तर पट्टी काढली असती!"

आता मी चिडू की पाया पडू?

परवाना आला, आम्ही परत आलो, दवाखाना मिळाला. पण राग गेला नव्हता. राग काय परवान्यावर चालतो?

पहिल्याच आठवड्यात सासूबाई दाढ ठणकते म्हणून आल्या. त्यांना बसवलं, तोंड उघडायला सांगितलं, किडलेली दाढ दिसताच सुई टोचली आणि कापसाचे बोळे ठासले. हिरडी बधिर व्हायला वेळ लागतो. आणि आईंना बोलता येत नव्हतं! माझ्या लक्षात आलं, अशी संधी पुन्हा येणे नाही. मी दार लावलं आणि सुरू झाले! लाल पेन, आळस, सुधारणेस वाव, नळवाला, एकेक बाहेर काढलं. त्या हात हलवायला लागल्या. "हात खाली!" मी म्हटलं. त्या गालाकडे बोट दाखवत डोळे मोठे करायला लागल्या. "मोठे डोळे शाळेतल्या मुलांना दाखवा! आज मी बोलणार!" आणि बोलले. पार रिकामी होईपर्यंत बोलले. अंगावरून डोंगर उतरल्यासारखं वाटलं!

मग कापूस काढला. त्यांचा डावा ओठ लोंबत होता. त्यांनी शांतपणे चूळ भरली, रुमालाने तोंड टिपलं.

"दालं बोलून?" त्या म्हणाल्या. "ही दाध किदलीय, पन दुखत नाई. दुखतीय ती उदवीकदली."

मी मुकाट्याने दुसरी सुई भरली आणि या खेपेला आधी विचारलं, "आई, नक्की कुठे दुखतंय?"