आईची साक्ष आणि विमानाचे पॉइंट

आईला मी विमानाने बोधगयेला नेणार, तेही फुकट, असं मी पांढरकवड्यात निदान चाळीस जणांना सांगून ठेवलं होतं. बेत पक्का होता. प्रवासाचे पॉइंट देणारं क्रेडिट कार्ड काढायचं, किराणा-पेट्रोल सगळं त्यावर घ्यायचं आणि पॉइंट साठले की नागपूरहून उडायचं! आईचे गुडघे दर वर्षी जास्तच कुरकुरत होते, म्हणून घाई.

मी नोकरीला असलेल्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात बसून मी फॉर्म भरला. पगार चोवीस हजार, घर भाड्याचं. अक्षर न् अक्षर खरं! आठ दिवसांनी मेसेज आला: अर्ज नामंजूर. घरच्या पडताळणीत माहिती जुळली नाही.

"आई, बँकेचा मानूस आलता का?"

"बँकेचा कोनी नाही आला. पोरीवाले आलते! हातात फाइल होती. पोरगा काय करते, पगार किती, घर कोनाचं, समदं इचारलं."

तिचं तरी काय चुकलं? आमच्याकडे एवढं खोदून फक्त मुलीकडचेच विचारतात.

"मंग तू काय सांगतलं?"

"पगार पन्नास हजार. अन् वरचा मजलाबी आपलाच."

"पन्नास?"

"अरे, समोरचा अर्धा करूनच धरते!"

हे मात्र खरं आहे. लग्नाच्या चौकशीत पगार दुप्पट सांगायचा आणि समोरच्याने निम्मा धरायचा, ही आमच्याकडची रीत. बँकेला ती कोणी शिकवली नव्हती!

मी अपील केलं. आईच्या बोलण्यात मायेपोटी वाढ झाली, कृपया पुन्हा माणूस पाठवावा, असं लिहिलं. आणि आईला बजावलं, "आता कोनीबी फाइलवाला आला का खरं खरं सांगजो!"

पुढच्या रविवारी मी घरी असतानाच फाइल आली. सोबत पन्नाशीचे एक गृहस्थ.

"जय भीम. संघदीप तुमीच काय? जरा चौकशीले आलो."

बँकेने आपलाच माणूस पाठवलेला बघून मला भरून आलं. मी त्यांच्यापुढे पगारपत्रक, भाडेकरार, विजेचं बिल आणि पासबुक मांडलं. आईही सुटली.

"पगार चोवीस हजार. घर भाड्याचं. गाडीचे हप्ते चालू हायेत. अन् रात्री लय घोरते."

"हे कायले सांगून राह्यली?"

"तूच म्हनला ना, खरं सांगजो!"

गृहस्थ डोळे विस्फारून ऐकत होते. मी हात जोडले. "मांगच्या टायमाले नामंजूर झालो जी. आईनं पगार दुप्पट सांगतलता. आता समदं तुमच्या हातात हाय. कवा कळवसान?"

"पोरीले इचारून कळवतो."

"कोन्या पोरीले?"

"माह्या. दीपमालाले. मी बाबाराव, मुकुटबनहून आलो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं! मी घाईघाईने कागद गोळा करायला लागलो, तर त्यांनी पासबुकावर हात ठेवला.

"राहू द्या. तिलेबी दाखवतो."

मंगळवारी फोन आला. "पसंत हाय! तीन ठिकानी गेलतो, पासबुक कोनंच दाखवलं नाही!" मी ऑफिसात पेढे वाटले. आनंदात बँकेला पार विसरलो.

बँक विसरली नव्हती. बुधवारी त्यांचा खरा माणूस आला, पंचविशीतला, हातात फाइल. मी ऑफिसात. आईने त्याला दारातूनच परत धाडलं. "उशीर केला बापू! आमच्या पोराचं जमलं. तुह्या बहिनीले दुसरं ठिकान पाहा."

अपील फेटाळलं गेलं. कारण: घरच्यांनी सहकार्य केलं नाही.

दीपमाला नर्स आहे. लग्नानंतर कळलं, तेच कार्ड तिच्याकडे दोन वर्षांपासून होतं. बँकेचा माणूस आला तेव्हा तिच्या वडिलांनी म्हणे तिचा पगार रुपयाही न वाढवता सांगितला होता! पॉइंट भरपूर साठले होते. दोन तिकिटांपुरते.

एक आईचं. दुसरं कोणाचं, यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. "माह्या गुडघ्याले नर्सच पाहिजे," आई म्हणाली.

दोघी विमानाने गेल्या. मी दोन दिवस आधी रेल्वेने निघालो, तिघांचं सामान घेऊन. खालच्या बर्थवरच्या काकांनी घोरतो म्हणून मला तीनदा उठवलं. आईची साक्ष अगदी खरी निघाली!